जिव्हा, मापक व कागद : स्टाउट बिअरच्या परीक्षेचा इतिहास

ताम्रपट एकदां वाचला तरी पुन्हां वाचतां येतो. नाणें एकानें तोलल्यावर दुसऱ्यासहि तोलतां येतें. परंतु पेयाची चव ज्यानें घेतली त्याच्यापाशींच राहते, आणि पेला रिता झाला म्हणजे मूळ साधनच नष्ट होतें. अशा वस्तूचा इतिहास कोणत्या पुराव्यावर लिहावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी संशोधनशास्त्राच्या दृष्टीनें विचारार्ह आहे. प्रस्तुत लेखांत हा विचार आम्ही एका विशिष्ट पेयाच्या आधारें करणार आहों. तें पेय म्हणजे इंग्लंडांत अठराव्या शतकांत भरभराटीस आलेली 'स्टाउट' नांवाची तीव्र काळी बिअर. मद्यपानाचें मंडन अथवा खंडन हा येथें विषय नाहीं. एका पेयाची पारख जिभेनें, यंत्रानें व कागदानें कसकशी होत गेली, आणि यांपैकीं प्रत्येक साक्षीदार कोठें कोठें फसला, एवढेंच पाहावयाचें आहे.

हा विषय केवळ जुना नाहीं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अमेरिकेंत व युरोपांत, आणि सन २००९ पासून पुण्यांतहि, लहान लहान ब्रुअऱ्या निघाल्या. त्यांतील पुष्कळ ठिकाणीं 'इंपीरियल स्टाउट' या नांवाची अतितीव्र बिअर आवडीनें काढली जाते व तिची रीतसर परीक्षा होते. अमेरिकेंत १९८५ मध्यें बिअर-परीक्षकांची जी संस्था स्थापन झाली तिच्या गुणपत्रकांत वासास १२, रूपास ३, चवीस २०, तोंडांतील स्पर्शास ५ व एकंदर परिणामास १०, असे मिळून ५० गुण असतात. पण परीक्षकाचें काम 'हें मला आवडलें' एवढें सांगून संपत नाहीं. समोरची बिअर आपल्या जातीच्या वर्णनाशीं कितपत जुळते हेंहि त्यास ठरवावें लागतें. आणि जातीचें वर्णन तरी कशावरून करावयाचें? पूर्वी ती कशी होती यावरून. म्हणजे परीक्षक हा नकळत इतिहासकार होतो. इतिहास खोटा असेल तर निवाडाहि खोटा ठरेल, आणि प्रामाणिक कारागिराच्या मालास निष्कारण दोष लागेल. म्हणून मूळ साधनें तपासणें अवश्य आहे.

(१) शब्दाची साक्ष

वाचकांच्या सोयीसाठीं प्रथम बिअरची कृति थोडक्यांत सांगतों. जवास मोड आणून ते भट्टीवर वाळवावयाचे. यास माल्ट म्हणतात. भरडलेलें माल्ट ऊन पाण्यांत भिजवून त्याचा गोड काढा काढावयाचा, त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें उकळावयाचीं, आणि काढा निवाल्यावर यीस्ट घालून तो आंबवावयाचा. साखरेचें मद्यार्क बनतें व बिअर तयार होते. काढ्यांत साखर जितकी अधिक तितकी बिअर तीव्र होण्याची शक्यता अधिक.

'स्टाउट' या इंग्रजी शब्दाचा अर्थ धट्टाकट्टा, दमदार. बिअरच्या संबंधांत हा शब्द १६७७ सालच्या एका पत्रांत आढळतो, आणि तेथें त्याचा अर्थ तीव्र बिअर इतकाच आहे. रंगाचा संबंध नाहीं. अठराव्या शतकांत व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धांतहि इंग्लंडांत 'फिकी स्टाउट' विकली जात असे. आजच्या कानास हा वदतोव्याघात वाटेल; पण तत्कालीन माणसास त्यांत कांहींच विसंगत वाटत नव्हतें.

पुढें लंडनांत 'पोर्टर' नांवाची तपकिरी बिअर लोकप्रिय झाली. ओझीं वाहणाऱ्या हमालांचें तें आवडतें पेय, म्हणून हें नांव. १७२१ च्या लेखनांत तें आलेलें आहे. या पोर्टरचाच जो अधिक कसदार प्रकार तो 'स्टाउट पोर्टर'. आणि पुढें विशेष्य गळून विशेषण तेवढें राहिलें. विसाव्या शतकांत याच्या उलट प्रकार घडला. पहिल्या महायुद्धांत धान्याच्या टंचाईमुळें ब्रिटनमध्यें बिअर पातळ करावी लागली, दुग्धशर्करा घातलेल्या गोड स्टाउटचा प्रसार झाला, आणि शतकाच्या मध्यास पुष्कळ इंग्रजी स्टाउट सामान्य बिअरहूनहि सौम्य झाल्या. शब्द राहिला, अर्थ निघून गेला. काळी बिअर म्हणजे कडक बिअर ही आजची सर्वत्र असलेली समजूत या गेलेल्या अर्थाची केवळ सावली होय.

पोर्टरच्या उगमाची कथाहि अशीच तपासून घेण्याजोगी आहे. शोरडिच येथील राल्फ हारवुड यानें १७२२ मध्यें पोर्टरचा शोध लावला, असें असंख्य पुस्तकांत छापलेलें सांपडेल. गुत्तेदारास तीन पिपांतील बिअर एका पेल्यांत मिसळावी लागे. तो त्रास वाचविण्यासाठीं हारवुडनें तीहींची चव एकाच पिपांत आणली, असें म्हणतात. परंतु १७६० मध्यें ओबादाया पाउंडेज या टोपणनांवानें एका जुन्या माणसानें वर्तमानपत्रांत पत्र लिहिलें असून त्यांत १७२२ चा उल्लेख आहे, हारवुडचा नाहीं. कर वाढत गेले, लोकांची रुचि पालटली, आणि बिअर अधिक दिवस मुरवून विकावी असें ब्रुअर मंडळींस सुचलें, असा त्याचा आशय आहे. हारवुडची सविस्तर कथा १८०२ च्या लंडनवर्णनपर पुस्तकांत येते. म्हणजे घटनेनंतर ऐशीं वर्षांनीं. आपल्याकडे अस्सल पत्र व मागाहून रचलेली बखर यांत जो भेद आपण करतों तोच येथें केला पाहिजे. एका पुरुषानें एका दिवशीं शोध लावला ही बखर. कर, भांडवल व रुचि यांच्या ओघांत एक जात हळूहळू घडत गेली हा पत्राचा पुरावा.

(२) जिभेचे अधिकारी

बिअर चाखून तिची प्रत ठरविणारा सरकारी अधिकारी इंग्लंडांत मध्ययुगापासून असे. तेराव्या शतकांत, १२६६ च्या सुमारास, पाव व एल यांच्या किंमती धान्याच्या भावाशीं बांधणारा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी गांवोगांवच्या चाखणाऱ्यांकडे होती. नाटककार शेक्सपियर याचा पिता जॉन शेक्सपियर यास १५५६ मध्यें स्ट्रॅटफर्ड गांवीं हेंच काम मिळालें होतें. माप पुरें आहे कीं नाहीं, पेय आरोग्यास योग्य आहे कीं नाहीं, आणि ठरल्या दरानें विकलें जातें कीं नाहीं, हें पाहण्याचा त्याचा अधिकार असे.

या अधिकाऱ्यांविषयीं एक मौजेची गोष्ट सांगतात. बांकावर थोडी बिअर ओतून हा अधिकारी कातडी विजार घालून तीवर बसे, व अर्ध्या तासानें उठतांना विजार बांकास चिकटली कीं नाहीं यावरून बिअरचा कस ठरवी. ही गोष्ट एवढी रंगतदार आहे कीं ती खरी असावी असें वाटतें; परंतु तिला समकालीन कागदांचा आधार नाहीं. ती पुष्कळ उत्तरकालीन आहे. शिवाय चिकटपणा हा न आंबलेल्या साखरेचा गुण होय. नीट आंबलेली तीव्र बिअर कमी चिकटेल व अर्धवट आंबलेली सौम्य बिअर अधिक चिकटेल. म्हणजे ही कसोटी कोणी लावली असती तरी निकाल उलट लागण्याचा संभव होता. ज्या अधिकाऱ्यांच्या हातीं जीभ होती त्यांनीं विजारीवर विसंबावें, हें संभवत नाहीं.

(३) मापकाचा प्रवेश

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनच्या ब्रुअऱ्या जगांतील मोठ्या कारखान्यांत गणल्या जाऊं लागल्या. एवढ्या मोठ्या व्यवहारांत मुख्य ब्रुअरच्या जिभेवर सर्व भार टाकणें धोक्याचें होतें. मायकेल कॉम्ब्रून यानें १७६२ च्या आपल्या ग्रंथांत उष्णतामापक वापरण्याचें समर्थन केलें. जेम्स बेव्हरस्टॉक यानें त्याच दशकाच्या अखेरीस पाण्यांत तरंगणारें हायड्रोमीटर बिअरच्या काढ्यास लावून पाहिलें. सॅम्युअल व्हिटब्रेड या मोठ्या ब्रुअरनें त्याची दाद घेतली नाहीं. साउथवार्क येथील अँकर ब्रुअरीचा मालक हेन्री थ्रेल यानें मात्र घेतली. हल येथील जॉन रिचर्डसन यानें १७८४ मध्यें या उपकरणावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला व त्यास 'सॅकॅरोमीटर' म्हणजे शर्करामापक असें नांव दिलें.

पाण्याचें वजन १.००० मानलें तर साखर विरघळलेल्या काढ्याचें वजन त्याहून अधिक भरतें. यास विशिष्ट गुरुत्व म्हणतात. १७७० नंतरच्या या आरंभीच्या मापनांत लंडनच्या पोर्टरचें मूळ गुरुत्व सुमारें १.०७१ भरलें, म्हणजे तींत मद्यार्काचें प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतें. पुढें फ्रेंच युद्धांच्या काळांत कर वाढल्यामुळें हाच आंकडा १.०५५ पर्यंत उतरला. हमालाच्या पेल्यांतलें पेय किती पातळ झालें याची तक्रार जीभ पूर्वीहि करीत असेल. पण तिला आंकडा प्रथम येथें मिळाला.

या मापकानें एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. पोर्टरसाठीं तपकिरी माल्ट वापरीत. तें स्वस्त पडतें असा समज होता. मोजून पाहतां फिक्या माल्टांतून साखरेचा अंश बराच अधिक निघतो, आणि त्या हिशेबानें फिकें माल्टच स्वस्त पडतें, असें आढळून आलें. ब्रुअर मंडळी फिक्या माल्टाकडे वळलीं. कस तोच राहिला, पैसा वांचला, पण रंग व भाजकी चव गेली. गिऱ्हाइकास तर पोर्टर काळसरच पाहिजे. यंत्रानें सोडविलेल्या प्रश्नांतून जिभेचा व डोळ्यांचा नवा प्रश्न उभा राहिला तो असा.

(४) काकमारीचें प्रकरण

याच संधीस भेसळीस ऊत आला. रंगासाठीं जाळलेली साखर घालण्यास १८११ मध्यें परवानगी मिळाली होती. ती १८१६ च्या कायद्यानें काढून घेण्यांत आली, व माल्ट आणि हॉप यांखेरीज दुसरा पदार्थ वापरणाऱ्या ब्रुअरास २०० पौंड व तो पुरविणाऱ्या औषधविक्याला ५०० पौंड दंड ठरला. हे दंड एवढे जबर कां, याचें उत्तर आपल्या देशाच्या वनस्पतिकोशांत आहे. निषिद्ध पदार्थांत एक प्रमुख पदार्थ 'कोक्युलस इंडिकस' नांवाचें फळ हा होता. आपल्याकडे जिला काकमारी म्हणतात त्याच वेलीचें हें फळ. तें पाण्यांत टाकून मासे गुंगविण्याची रीत आपल्या देशांत जुनी आहे. तेंच फळ लंडनांत पातळ पोर्टरमध्यें घातलें म्हणजे पिणाऱ्यास लवकर घेरी येई, व बिअर फार कसदार आहे असें त्यास वाटे. त्यांतील पिक्रोटॉक्सिन हें द्रव्य झटके आणणारें विष आहे.

फ्रेडरिक अ‍ॅकम या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८२० मध्यें लंडनांत भेसळीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत शिक्षा झालेल्या ब्रुअर व औषधविक्यांचीं नांवें छापलीं. पुढल्याच वर्षीं एका ग्रंथालयांतील पुस्तकांचीं पानें फाडल्याच्या आरोपावरून अ‍ॅकम यास इंग्लंड सोडावें लागलें. साक्षीदाराचें चारित्र्य संशयास्पद ठरलें म्हणून त्याची साक्ष टाकून द्यावी काय? आमच्या मतें नाहीं. त्यानें छापलेल्या याद्या अबकारी खात्याच्या खटल्यांच्या होत्या. त्यांचा आधार त्याच्या शब्दापलीकडे होता. ज्याची साक्ष दुसऱ्या दप्तराशीं ताडून पाहतां येते त्याच्या वैयक्तिक दोषामुळें मूळ पुरावा दूषित होत नाहीं.

या प्रकरणापासून परीक्षेच्या दृष्टीनें घेण्याचा धडा असा कीं, 'डोक्यास चढली म्हणून कसदार' हा निवाडा सर्वांत अविश्वसनीय होय. जीभ व डोकें हीं दोन्हीं विकत घेतां येतात. आणि येथें तर तीं विष देऊन घेतलीं गेलीं. हमालाच्या पैशाबरोबर त्याचें आरोग्यहि लुबाडलें गेलें.

(५) काळा रंग केव्हांचा ?

१८१७ मध्यें डॅनियल व्हीलर यानें फिरत्या पिंपांत माल्ट कॉफीप्रमाणें काळें भाजण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. हें माल्टच असल्यामुळें कायद्यास बाध येत नव्हता, आणि थोड्याशानें सबंध काढ्यास रंग चढे. व्हिटब्रेड आदि मोठ्या ब्रुअऱ्यांनीं तें लगेच स्वीकारलें. आज स्टाउट म्हटली कीं कॉफीची, करपलेल्या पोळीची, कडू चॉकोलेटची जी चव आपण अपेक्षितों ती मुख्यतः या शोधानंतरची आहे. त्यापूर्वीची स्टाउट तपकिरी माल्टाची. तिचा रंग गडद तपकिरी, आणि लांकडाच्या जाळावर वाळविलेल्या माल्टाचा धुरकट वास तिला असे.

दुसरा भेद मुरवणीचा. पोर्टर व स्टाउट प्रचंड लांकडी टांक्यांत महिनेच्या महिने ठेवीत. त्या टांक्यांचा आकार केवढा असे याची कल्पना १७ ऑक्टोबर १८१४ च्या दुर्घटनेवरून येते. लंडनांतील टॉटनहॅम कोर्ट रोडवरील म्यूक्स कंपनीच्या ब्रुअरींत बावीस फूट उंचीचें, साडेतीन हजार बॅरलांवर पोर्टर भरलेलें टांकें फुटलें; लोंढ्यानें शेजारच्या गरीब वस्तींतील घरें पाडलीं व आठ माणसें मेलीं. मृतांत स्त्रिया व मुलेंच होतीं. पंचांनीं हा अपघात ठरविला. बुडालेल्या मालावरील कर कंपनीस परत मिळाला. टांक्यांच्या मोठेपणाची जी स्पर्धा ब्रुअरांत चालली होती तिची किंमत कोणी दिली हें निराळें सांगावयास नको.

या टांक्यांत मुरतांना बिअरला जो विशिष्ट वास व आंबटसर तीक्ष्णपणा येई त्याचें कारण १९०४ मध्यें कळलें. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील क्लाउसेन यानें इंग्रजी मुरलेल्या बिअरमधून एक निराळें यीस्ट वेगळें काढलें व त्यास 'ब्रेटॅनोमायसीस' म्हणजे ब्रिटिश बुरशी असें नांव दिलें. आजचा परीक्षक हाच वास बहुधा दोष मानून गुण कापतो. जुन्या लंडनकरास तो मुरवणीची खूण वाटे. ज्या कारागिराची स्टाउट अगदीं स्वच्छ व करपल्या चवीची आहे त्यानें ती 'अठराव्या शतकाप्रमाणें अस्सल' म्हणून विकूं नये, आणि ज्याच्या बिअरला मुरवणीचा वास आहे त्यास परीक्षकानें तेवढ्यावरून नापास करूं नये, इतका निष्कर्ष यांतून सरळ निघतो.

(६) रशियाची सम्राज्ञी व हिंदुस्थानचा सैनिक

थ्रेल १७८१ मध्यें वारला. त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांत डॉक्टर जॉन्सन हा एक होता. ब्रुअरी १,३५,००० पौंडांस विकली गेली व पुढें 'बार्कले पर्किन्स' या नांवानें चालली. येथील अतितीव्र स्टाउट रशियास जाई. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यानें १७९६ च्या ऑगस्टमधील आपल्या रोजनिशींत ही पोर्टर आपण प्याल्याचें लिहून, ती रशियाच्या सम्राज्ञीसाठीं मुद्दाम काढलेली असून सात वर्षें टिकते असें यजमानानें सांगितल्याचें नोंदविलें आहे. सम्राज्ञी कॅथेरिन त्याच वर्षाच्या अखेरीस वारली. रशियांत इंग्रजी बिअर व पोर्टर उत्तम मिळते हें विल्यम कॉक्स या प्रवाशानेंहि १७८४ च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे. तेव्हां रशियाच्या दरबाराशीं असलेला संबंध समकालीन कागदांनीं शाबीत होतो.

परंतु 'वाटेंत गोठूं नये म्हणून ती एवढी तीव्र केली' ही जोडकथा टिकत नाहीं. दहा टक्के मद्यार्काची बिअरहि शून्याखालीं चार-पांच अंशांवर गोठूं लागते. रशियाच्या हिवाळ्यापुढें एवढें संरक्षण कांहींच नव्हे. शिवाय हिवाळ्यांत बाल्टिकच्या उत्तरेकडील बंदरेंच गोठत, त्यामुळें जहाजें बर्फ वितळल्यावर जात. खरें कारण फॅरिंग्टनच्या नोंदींतच आहे : ती टिके. श्रीमंत गिऱ्हाइकाच्या तळघरांत वर्षानुवर्षें सुधारत जाणारें पेय हाच तिचा मोल होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या जातीचें मूळ गुरुत्व १.१०० च्या वर जात असे. बेल्जियन व्यापारी आल्बर्ट ले कॉक याची पेढी ही स्टाउट बाल्टिककडे पाठवी. १८६९ मध्यें तेथें बुडालेल्या 'ऑलिव्हा' जहाजांतून १९७४ मध्यें पाणबुड्यांनीं वर काढलेल्या बाटल्यांवर त्याचें नांव होतें. या पेढीनें १९१२ मध्यें तार्तू येथील ब्रुअरी घेतली. लंडनच्या बाजूस हा माल पुढें करेज कंपनीकडे गेला, १९९३ मध्यें बंद पडला, आणि २०११ मध्यें पुन्हां काढण्यांत आला.

या रशियन व्यापाराचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. १८२२ च्या रशियन जकातीनें इंग्रजी एलला दार बंद झालें; पोर्टरला मात्र तें उघडें राहिलें. बर्टन गांवचे एल काढणारे बुडण्याच्या बेतास आले. तेव्हां ऑल्सॉप यानें हिंदुस्थानच्या बाजाराकडे दृष्टि वळवून कडू फिकी एल काढण्यास आरंभ केला, व बो येथील हॉजसन याची मक्तेदारी मोडली. 'इंडिया पेल एल' हें नांव यामुळें जगभर झालें. पण त्या नांवामुळें एक गोष्ट झांकली गेली. फिकी एल हें साहेब लोकांचें पेय होतें. मुंबई, मद्रास व कलकत्ता इलाख्यांतील छावण्यांतून गोरा शिपाई पीत होता ती मुख्यतः पोर्टर. इतिहासांत नांव राहिलें साहेबाच्या पेल्याचें. शिपायाचा पेला पुरवठ्याच्या हिशेबांतच राहिला. कोणत्या चवीची आठवण ठेवली जाते हें चवीवर अवलंबून नसतें, पिणाऱ्याच्या पदावर असतें.

(७) यंत्राचीहि मर्यादा

मापक आलें म्हणून प्रश्न सुटला असें मात्र नाहीं. सॅकॅरोमीटर न आंबलेल्या काढ्याचा कस सांगतें. तयार बिअरमध्यें तेंच फसतें. मद्यार्क पाण्याहून हलकें असल्यानें आंबल्यावर गुरुत्व उतरतें. पातळ, न आंबलेला काढा व पूर्ण आंबलेली तीव्र स्टाउट हीं दोन्हीं १.०३० दाखवूं शकतात. परदेशीं जाणाऱ्या बिअरवरील कर परत मागतांना मूळ कस सिद्ध करावा लागे. तेव्हां हा प्रश्न पैशाचा झाला. १८५२ मध्यें ग्रॅहम, हॉफमन व रेडवुड या तीन रसायनज्ञांनीं सरकारसाठीं त्याची उकल केली. बिअरचें ऊर्ध्वपातन करून मद्यार्क व उरलेला अंश निरनिराळे मोजावे, आणि मद्यार्कावरून किती साखर खर्च झाली हें कोष्टकांत पाहून दोन्हींची बेरीज करावी, म्हणजे मूळ गुरुत्व मिळतें. १८८० मध्यें ग्लॅडस्टन यानें माल्टवरील जुना कर काढून काढ्याच्या गुरुत्वावर कर बसविला, आणि १९९३ पासून ब्रिटनमध्यें तो तयार बिअरमधील मद्यार्कावर बसूं लागला. जीभ, काढा व मद्यार्क असा राज्याच्या विश्वासाचा प्रवास झाला. भारतांत २०१८ च्या अन्नमानकांनीं बिअरची सौम्य व तीव्र अशी वांटणी मद्यार्काच्या पांच टक्क्यांवर केली. तेथें 'तीव्र' हा शब्द चवीचा नसून सर्वस्वीं कागदाचा आहे.

पण कस म्हणजे प्रत नव्हे. प्रत पाहण्यास शेवटीं जिभेकडेच यावें लागतें; फक्त तिच्यावर पहारा हवा. हा पहारा घालण्यांतहि स्टाउटचा वांटा आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरींत १८९९ मध्यें नोकरीस लागलेल्या विल्यम गॉसेट यास जव व हॉप यांच्या थोड्याशा नमुन्यांवरून निर्णय द्यावे लागत. थोड्या नमुन्यांवरून काढलेला निष्कर्ष कितपत भरंवशाचा, याचें गणित त्यानें १९०८ मध्यें 'विद्यार्थी' या टोपणनांवानें प्रसिद्ध केलें. आज सर्व शास्त्रें तें वापरतात. १९४० नंतरच्या दशकांत कार्ल्सबर्ग येथें तीन पेल्यांची परीक्षा रूढ झाली : दोन पेले एकाच बिअरचे, तिसरा निराळा, निराळा कोणता तें सांगावयाचें. नुसत्या अंदाजानें बरोबर येण्याचा संभव तिनांत एक. पांच वेळां लागोपाठ बरोबर येण्याचा संभव २४३ मध्यें एक. जो हें करून दाखवील त्याच्या जिभेस साक्षीदाराचा मान द्यावा. १९७९ मध्यें मॉर्टेन मेलगार्ड व त्याच्या सहकाऱ्यांनीं बिअरच्या वास-चवींचे चौदा वर्ग पाडून शंभरांवर संज्ञा ठरविल्या, त्यामुळें दोन परीक्षकांस एकच भाषा मिळाली.

या साधनांनिशीं आजची तीव्र स्टाउट कशी पाहावी, हेंहि सांगून ठेवणें उचित होय. ती बर्फासारखी थंड नसावी. बारा-चौदा अंशांवर तिचे वास मोकळे होतात. पेला लहान, अर्धाच भरलेला असावा. प्रथम वास, मग रूप, मग छोटा घोट तोंडभर फिरवून गिळावा. नाकांतून मागाहून येणारा वास पाहावा. करपटपणा, गोडी व हॉपचा कडूपणा यांत एकानें दुसऱ्यास दडपलें आहे काय? मद्यार्क घशास ऊब देतें कीं जाळतें? मुरलेल्या बिअरला सुक्या खजुराची किंवा मनुकांची चव आली असेल तर ती काळाची देणगी. ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल तर हवा लागल्याचा दोष. अनेक बिअर असल्यास सौम्य आधीं व तीव्र शेवटीं घ्यावी, कारण दहा टक्क्यांच्या घोटानंतर जिभेची साक्ष मंद होते. बाटलीवरील नांव झांकावें, आणि आपलें मत दुसऱ्याशीं बोलण्यापूर्वीं लिहून काढावें. या शेवटच्या दोन नियमांची योग्यता इतिहाससंशोधकास निराळी पटवून द्यावयास नको.

उपसंहार

नवा काळहि बखरी रचण्यांत मागें नाहीं. शिकागो येथील गूज आयलंड ब्रुअरीनें बुर्बन व्हिस्कीच्या पिपांत मुरविलेली जी प्रसिद्ध स्टाउट काढली तिचें जन्मवर्ष कर्त्यांकडून १९९२ सांगितलें जात असे. शोध घेणाऱ्यांस पुरावा १९९५ कडे नेतो. कर्ते हयात, गिऱ्हाइकें हयात, छापील साधनें विपुल, आणि तरीहि तीन वर्षांचें अंतर पडतें. मग हारवुडच्या १७२२ बद्दल अधिक सावधगिरी कां नको?

एकंदर विचार करतां असें दिसतें कीं, या पेयाच्या बाबतींत जीभ फसली ती काकमारीनें, मापक फसलें तें मद्यार्कानें, आणि कागद फसला तो गोष्टीच्या गोडीनें. परंतु हे तिघे एकाच वेळीं एकाच रीतीनें फसल्याचें उदाहरण या सबंध इतिहासांत आढळत नाहीं. मापकानें जिभेची फसवणूक पकडली, ऊर्ध्वपातनानें मापकाची, आणि फॅरिंग्टनच्या रोजनिशीच्या दोन ओळींनीं गोठण्याच्या कथेची. साक्षीदार निर्दोष मिळत नाहींत; निरनिराळ्या रीतींनीं चुकणारे साक्षीदार एकमेकांसमोर उभे करावे लागतात. आपल्या इकडील मोह, ताडी, फेणी यांच्या इतिहासास हात घालणाऱ्यांनीं अबकारीचीं दप्तरें, वनस्पतींची माहिती व जाणत्यांची जीभ हीं तिन्हीं साधनें एकत्र ठेवून काम केल्यास त्या इतिहासाचा पाया भक्कम होईल, असें आम्हांस वाटतें.